बैठकीतली स्टेपनी

स्टेपनी चोरीला गेली तेव्हा पिकअपवाल्याचा कुलपांवरचा विश्वासच उडाला, कारण चोरांनी साखळी कापून नेली होती आणि कुलूप शाबूत ठेवलं होतं. नवी स्टेपनी आली ती घरातली होऊन. रोज संध्याकाळी तो ती गाडीखालून काढायचा, तीन पायऱ्या चढवून बैठकीत आणायचा. सकाळी पुन्हा गाडीखाली. बायकोने आधी नाक मुरडलं, मग ती ब्रशने घासून धुतली, शेवटी वर फळी टाकून चहाचे कप मांडू लागली. पाहुण्यांना सांगायची, "ही आमच्या ह्यांची दुसरी."

मग त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. महिन्याभराने डॉक्टरांनी गाडी चालवायला मोकळीक दिली, पण अजून दोन महिने वजन उचललं तर टाके उसवतील, असं दोनदा बजावलं. घरी येताना त्याने बायकोला बजावलं, गल्लीत यातलं अक्षर बोलायचं नाही. माल चढवायला दुकानाची माणसं होती, तो प्रश्न नव्हता. पण याला साधा टायर उचलवत नाही म्हटल्यावर फ्रिज-कपाटं याच्या गाडीत कोण घालणार?

बायको स्टेपनी घरीच ठेवा म्हणाली, तर रस्त्यात पंक्चर झालं तर काय, हे उत्तर. मी उचलते म्हणाली, तर समोरचा शिंपी बघेल. तो शिंपी कापडापेक्षा गल्लीचीच मापं जास्त घ्यायचा, हे खरंच होतं.

कामाच्या पहिल्या सकाळी तो दाढी करून आला, तर कप जमिनीवर आणि स्टेपनी गायब. दारात आला, तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, चपला बाजूला नीट जोडीने काढलेल्या.

तो भिंतीला धरून हळूहळू खाली बसला. "नट उलटा फिरवतेयस."

"मग सुलटा कुठला ते सांगा. हात लावायचा नाही."

तो सांगत गेला, ती पाना फिरवत गेली. टायर बोटाबोटाने वर चढू लागला. शिंप्याचं मशीन थांबलं.

"काय दादा, वहिनींना कामाला लावलं आणि आपण मुकादम?"

गाडीखाली तिचाही हात थांबला. नवरा तिला पाठ होता: आता उठणार, तिला बाजूला सारणार, पाना हिसकावणार. तिने पाना दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

"पोट शिवलंय माझं," तो गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "दोन महिने काही उचलायचं नाही. ही आहे म्हणून गाडी निघतेय."

शिंप्याने विचारलं, संध्याकाळी उतरवायला येऊ का. गाडीखालून उत्तर आलं की भावजी, तुम्ही शिवण बघा, इथे आता माझा हात बसलाय.

"अजून तीन फेरे दे," तो हळूच म्हणाला.

तिने मोजून तीन दिले. चौथा दिला तो नवऱ्याच्या समाधानासाठी.