पुलाच्या आत डुलकी

लाँड्रीची व्हॅन स्वतः चालवायचा म्हणून लोक त्याला पायलट म्हणत. व्हॅन दुरुस्त होऊन आली की तो बायकोला शेजारी बसवून पुलापर्यंत चक्कर मारायचा. पूल यायच्या आत तिला डुलकी लागली तर गाडी ठणठणीत. ती टक्क जागी राहिली तर कुठेतरी काहीतरी वाजतंय असं धरून तो गाडी तशीच गॅरेजात परत न्यायचा. गॅरेजवाल्याच्या मागच्या खिशात कायम पान्हा खोचलेला असे, म्हणून सगळे त्याला पान्हाच म्हणत. तो वैतागायचा. "वहिनी, झोपत जा हो जरा, माझी मजुरी अडकते!"

गाडीतलं तिला जे काही कळत होतं ते एवढंच.

आता पायलटचं डावं अंग गेलं होतं आणि बोलणंही. 'हं' आणि 'अंहं', एवढीच काय ती शिल्लक. जुनी व्हॅन उभ्या उभ्या गंजून भंगारात गेली. लाँड्री मात्र चालू ठेवावीच लागत होती. दवाखान्यांच्या चादरी धुऊन, इस्त्री करून सकाळी वेळेवर पोचल्या पाहिजेत. भाड्याच्या टेम्पोला वेळेचं सोयरसुतक नव्हतं. एका दवाखान्याने तर दुसरी लाँड्री बघू म्हणून सुनावलंही होतं. बरं, ह्यांना घरी एकटं टाकून जायचं तरी कुणाच्या भरवशावर? म्हणून तिने या वयात गाडी शिकून लायसन्स काढलं. व्हॅन घ्यायची, स्वतः चालवायची आणि ह्यांना शेजारी बसवायचं.

पहिली व्हॅन बेकरीवाल्याची, पांढरी. मागे अजून मैद्याचा वास येत होता. पान्हा गाडीखाली शिरला, बाहेर आला, ऑइलची पट्टी काढून बाहीला पुसली.

"घ्या डोळे मिटून."

"डोळे ह्यांनी मिटले पाहिजेत. मग घेईन."

तिने गाडी पुलाकडे काढली. मागच्या सीटवर पान्हा होता. पायलटने शाबूत हाताने समोरची कडी घट्ट धरली आणि उजवा पाय खालच्या पत्र्यावर असा दाबून ठेवला, जणू तिथे ब्रेक होता. पूल आला तरी पाय उचलला नाही.

"नको ही," ती म्हणाली.

"अहो, लोणी आहे लोणी!"

"ह्यांना काहीतरी ऐकू येतंय, भाऊजी. तुम्हाला नसेल येत."

दुसरी निळी. सीटखालचा गंज बघून पान्ह्यानेच नाक मुरडलं. गाडी कधीतरी पाण्यात उभी राहिली असणार. तरी तिने हट्टाने चक्कर मारली. पायलटचा पाय पुन्हा पत्र्यावर.

"बघा! कळलं की नाही ह्यांना?"

पान्हा डोकं खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "दुसरी मिळेपर्यंत माझं खटारं वापरा."

खटारंच होतं ते. मागचं दार दोरीने बांधलेलं, धूर तर विचारू नका. पहिल्या दिवशी सिग्नलला तीनदा बंद पडलं. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक जण ओरडला, "बाई, गाडी आहे ती, पोळपाट नाही!" शेजारी कडी धरलेला पायलट म्हणाला, "अंहं." ते कुणाला होतं, तिला कळलं नाही.

पण चादरींनी तिला शिकवलं. ब्रेक करकचून लावला की मागचे गठ्ठे कोसळायचे, घड्या मोडायच्या आणि पुन्हा इस्त्री. मग ती गतिरोधक लांबूनच हेरू लागली. वळणं सैल हाताने घेऊ लागली. हॉर्न वाजवणाऱ्यांना पुढे जाऊ देऊ लागली.

एका दुपारी, रिकाम्या गाडीने परतताना, पुलाच्या बरंच अलीकडे तिने काहीतरी विचारलं आणि 'हं' आलंच नाही. वळून बघते तर पायलटची मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, कडीवरचा हात सुटून मांडीवर पडलेला. उजवा पाय सैल, तिरका. तो चक्क घोरत होता.

ती सरळ गॅरेजात गेली.

"भाऊजी, हीच विका मला."

"ही?" पान्हा हसत सुटला. "वहिनी, भंगारवाल्याला फुकट देतो म्हटलं, तर तो विचार करून सांगतो म्हणाला!"

"हे झोपले हिच्यात. पुलाच्या आत."

पान्ह्याने खिडकीतून मित्राकडे पाहिलं. हसू थांबलं. हात स्वच्छ असूनही तो फडक्याला पुसत राहिला.

"गाडी तीच आहे, वहिनी. पहिल्या दिवशी याच सीटवर कडी धरून बसला होता पठ्ठ्या. गाडीला तर मी बोटही लावलेलं नाही."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी तेव्हा झोपायचे ते गाडी चांगली म्हणून नाही..."

"एकदा तर मी चाकाचा नट आवळायचा विसरलो होतो. तरी तुम्ही ढाराढूर!"

तिने पदराने तोंड पुसलं, उगाचच, बराच वेळ.

"ती पांढरी गेली का हो?"

"बेकरीवाल्याला थांबवून ठेवलंय मी. म्हटलं, वहिनी येतील."

"उद्या आणू."

"आणू. पण आधी हे बंद करा, धुराने जीव चाललाय माझा."

"बंद केलं तर उठतील हो हे," ती म्हणाली.

पान्हा खोकला, मागे वळला आणि आवाज न करता गॅरेजचं दुसरंही शटर वर सरकवायला लागला.