पाहुणा हलेना

आमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे सगळ्या विभागांच्या सामाईक मोठ्या संगणकावर, आकडे क्रमाने लावणाऱ्या सॉर्ट प्रोग्रामला आम्ही 'पाहुणा' म्हणतो. आत शिरताना तो दारातूनच घर न्याहाळतो, मेमरी किती मोकळी, कोण कोण बसलंय. गर्दी असली तर कोपऱ्यात अंग चोरून बसतो, रिकामं दिसलं तर ऐसपैस पसरतो. पण एकदा बसला की बसला. मग घर भरो नाहीतर ओस पडो, पठ्ठ्या बैठक बदलत नाही.

त्या दुपारी तो ऐन गर्दीत आला होता. शहरभरच्या वीजमीटरचे आकडे गल्लीवार लावायचे होते, त्याशिवाय बिलं छापता येत नाहीत. सॉर्ट चालू असताना ऑपरेटरने खोली सोडायची नाही, हा नियम. पाळीतला माझा जोडीदार तापाने आडवा झालेला. त्यातच हॉस्पिटलमधून ताईचा फोन आला.

"आईला संध्याकाळी श्वासाची नळी घालणारेत," ती म्हणाली. "मग तिला बोलता येणार नाही. सारखं तुझंच नाव घेतेय. त्याआधी ये."

हॉस्पिटल दोन चौक पलीकडे. आमच्या खिडकीतून त्याची पाण्याची टाकी दिसते.

साहेबांना सांगितलं. माणूस भला, पण मशीन चालवायच्या कन्सोलशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. माझ्या जागी बसणं त्यांना शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी इतर विभागांना फोन करून त्यांची कामं थांबवली आणि म्हणाले, घे, अख्खं मशीन तुझं. मशीन मोकळं झालं खरं. पाहुणा मात्र तसाच कोपऱ्यात, मूठभर जागेत, न मावणारे आकडे डिस्कवर टाकतोय आणि पुन्हा उचलतोय. शेजारी एवढी मेमरी रिकामी पडलेली, त्याला पत्ता नाही.

त्याला उठवून पुन्हा बोलवावं लागेल, झालेलं सगळं वाया जाईल, असं मी सांगितलं. तुला काय वाटतं, असं त्यांनी विचारलं. मला काय वाटणार? मी उठवला. या वेळी त्याने रिकामं घर पाहिलं आणि जवळजवळ सगळी मेमरी बळकावली. असा सुसाट सुटला की मी पिशवी खांद्याला लावून उभा राहिलो.

तेवढ्यात थांबवलेल्या विभागांनी वर तक्रार केली. सगळ्यांची कामं ताबडतोब सुरू करा, असा वरून हुकूम आला. ती सुरू झाली आणि आम्ही आगीतून फुफाट्यात पडलो. पाहुणा जागा सोडेना, बाकीच्यांना बसायला मिळेना. एकाला डिस्कवर ढकल, दुसऱ्याला आत घे, यातच मशीनचा जीव जाऊ लागला. कुणाचंच काम पुढे सरकेना. मी नुसता चडफडत उभा.

ताईने पुन्हा फोन केला आणि तो आईच्या तोंडाशी धरला. एसीच्या घरघरीत मला एवढंच ऐकू आलं.

"निघालास का रे?"

"निघालो," मी म्हणालो. पिशवी खांद्यालाच होती.

सॉर्ट संपवून पोचलो तेव्हा नळी घातलेली होती. आईने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तिला काय सांगायचं होतं, ते ताईलाही माहीत नाही.

आईचं क्रियाकर्म आटोपल्यावर साहेब घरी आले. हवी तेवढी रजा घे, मशीनचं आम्ही बघतो, म्हणाले. मी घेतली. दिवसभर आईच्या खोलीत बसून असतो. घाई कसलीच नाही.