बिस्किटी सीटवर शेंदूर

जावई आपली गाडी सासऱ्याच्या भरवशावर सोडून जातो, तेव्हा सासऱ्याला एकच काम असतं: काहीही न करणं. यशवंतरावांना आयुष्यात बाकी सगळं जमलं, तेवढं एक काम कधी जमलं नाही.

सौसरच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं, पण नाव झालं ते स्वच्छतेसाठी. नखं, कॉलर, वह्यांची कव्हरं, सगळं ते रोज तपासायचे. कुलदीप डोंगरे नावाच्या एका पोराची वही त्यांनी भर वर्गात उंच धरली होती, कारण त्रैराशिकाच्या पानावर भज्याच्या तेलाचा डाग पडला होता. पुढे हाच कुलदीप त्यांच्या अमिताला मागणी घालायला आला, तेव्हा सर दोन वर्षं अडून बसले. "ज्याले वही सांभाळता आली नाही, तो पोरगी काय सांभाळीन?" हे त्यांनी अख्ख्या सौसरला ऐकवलं. पण पोरगीही बापावर गेलेली, त्यामुळे लग्न झालंच. मग सरांनी पवित्रा बदलला. जावई पुण्यात मोटारींच्या कंपनीत मोठा मॅनेजर आहे, असं ते सांगत फिरू लागले. कुलदीप स्वतः फक्त "गाड्यांच्या कामात हाय" एवढंच म्हणायचा.

आणि त्या दिवशी तो आला तोच लाल स्पोर्ट्स कार घेऊन. दोनच सीटा, जमिनीला पोट टेकेल की काय इतकी बुटकी, आणि आतून सगळं अस्सल कातडं, बिस्किटाच्या रंगाचं. गल्लीतली झाडून सगळी माणसं पाहून गेली. दुसऱ्या दिवशी कुलदीप आणि अमिता बैतूलला एका लग्नाला निघाले. रस्ता घाटाचा, गाडीचं पोट घासेल म्हणून ते रेल्वेने गेले. जाताना कुलदीप म्हणाला, "सर, गाडी सावलीत राहू द्या. अन् आत कोणाले बसू देऊ नका. कातडं लई नाजूक हाय."

"जावईबापू," सर म्हणाले, "स्वच्छता तुम्ही मले शिकवून राहिले?"

कुलदीप ओशाळून हसला आणि किल्ली ठेवून गेला. आपण जावयासमोर कधी चुकायचं नाही, एवढं एकच व्रत लग्नापासून सरांनी पाळलं होतं. चुकण्याचा सगळा हक्क त्यांनी जावयाकडे सोपवला होता.

ते व्रत मोडायला एक दिवस पुरला. सरांची मोठी बहीण अंबाबाई, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "यशवंता, गाडी घरी आली अन् जामसांवलीच्या मारोतीले दाखवली नाही? असं कुठं असते काय रे?"

"बाई, गाडी जावयाची हाय."

"मंग मारोती काय आपलाच हाय, जावयाचा नाही?"

खरं सांगायचं तर सरांना वाद घालायचाच नव्हता, कारण पहाटेपासून तीन वेळा ते गाडीभोवती फिरून आले होते. अर्ध्या तासात भाऊबहीण जामसांवलीच्या रस्त्याला लागले. सर बैलगाडीच्या वेगाने चालवत होते आणि तरी अंबाबाई "हळू, हळू" म्हणत होती.

दर्शन उत्तम झालं. देवाचा तेलात कालवलेला शेंदूर अंबाबाईने पानावर घेतला आणि गाडीच्या नाकावर बोटभर टिळा लावला. तिथवर सगळं विधिवत होतं. मग पानातून गळलेल्या शेंदराने माखलेला उजवा हात तसाच ठेवून ती गाडीत बसायला गेली. आता ती गाडी गुडघ्याएवढी, अंबाबाईचे गुडघे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तोल सांभाळायला तिने उजवा हात सीटवर टेकला, सगळा भार त्यावर दिला आणि "जय बजरंगबली" म्हणत आत बसली. हात उचलला तेव्हा बिस्किटी कातड्यावर पाची बोटांसकट शेंदरी पंजा उमटला होता.

सरांनी खिशातून रुमाल काढला.

"पुसू नोको!" अंबाबाई ओरडली. "देवाचा शेंदूर पुसत असतेत काय?"

"मंग काय जावयाले पंजा दाखवू?"

अंबाबाईने विचार केला. वडिलांच्या संत्र्याच्या बागेत विहिरीवर मोट होती, पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी, आणि तिचं कातडं मऊ राहावं म्हणून लहानपणी अंबाबाईनेच तिला हातांनी तेल लावलं होतं. त्या अधिकाराने ती म्हणाली, "कातड्याले एरंडीचं तेल लागते. तेल लावलं का शेंदूर आपोआप मुरते. अन् तेल तं देवालेबी चालते. पुसल्याचं पाप नाही."

चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला हा हिशोब पटला, हीच खरी गंमत. घरी येऊन त्यांनी वाटीभर एरंडेल घेतलं आणि सीटला छान चोळलं. पंजा नाहीसा झाला, यात वाद नाही. त्याच्या जागी सबंध सीट शेंदरी झाली, शिवाय इतकी चिकट की अंगणातली धूळ येऊन तिच्यावर बसू लागली. अंबाबाई वाकून पाहत म्हणाली, "मोट काळी होती, बाप्पा. तिच्यावर दिसत नव्हतं."

कुलदीप आज संध्याकाळी परतणार होता. अमिता दोन दिवस मैत्रिणीकडे राहणार होती, म्हणजे मध्ये पडायलाही कोणी नाही. भज्याच्या तेलासाठी ज्याची वही वर्गासमोर धरली, त्याच्यासमोर आता आपण तेलाची सीट धरायची, ही कल्पनाच सरांना सोसेना. त्यांनी सीटवर जुनी चादर टाकली, अंबाबाईला "येतो" एवढंच सांगितलं आणि तडक पांढुर्णा गाठलं. तिथे नागपूर रोडवर ओळखीतल्या श्रीकांतचं सीट कव्हरचं दुकान होतं.

श्रीकांतने दार उघडून आत पाहिलं आणि जीभ चावली. "सर, मी रेक्झिनवाला माणूस. हे अस्सल कातडं हाय. मी हात लावला तं आणखी बिघडन."

"काहीतरी कर बाबा. माह्या इज्जतीचा सवाल हाय."

"थांबा. पुण्याचे एक केडी भाऊ हायेत. कातड्याचं काम त्यांच्यासारखं कोणाले येत नाही. त्यांचे व्हिडिओ पाहूनच शिकून राहिलो मी. अडलं का फोन लावतो." त्याने फोन लावला आणि दोघांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"बोला श्रीकांतभाऊ," पलीकडून आवाज आला. मागे रेल्वेची खडखड होती.

"केडी भाऊ, अस्सल कातड्याची सीट हाय, बिस्किटी रंगाची. तेलातला शेंदूर लागला, अन् वरून एरंडेल चोपडलं."

"एरंडेल? कोण तो शहाणा?"

"हायेत एक मास्तर. समोरच उभे हायेत."

"त्यांले सांगा, आता हात लावू नका. आजकालच्या कातड्यावर रंगाचा थर असते, तेल त्याच्यात मुरत नाही, वरच लोळत राहते. घासू तं बिलकुलच नका. पांढऱ्या खडूची पूड करा, जाड थर टाका अन् तासभर विसरून जा. खडू तेल ओढून घेते."

आवाज ऐकून सरांचे कान आधी तापले आणि मग थंडगार पडले. त्यांनी श्रीकांतला हाताने जोरजोरात खुणा केल्या, बंद कर, बंद कर. श्रीकांतला वाटलं, मास्तर पंखा बंद करायला सांगून राहिले. त्याने पंखा बंद केला. आता आवाज अधिकच स्पष्ट येऊ लागला.

"गाडी कोणती हाय, श्रीकांतभाऊ?"

"लाल. दोन सीटची. अशी गाडी आपल्या भागात मी पहिल्यांदाच पाहून राहिलो."

खडखडीतून पलीकडचा आवाज एकदम वर चढला. "नंबर वाचा."

श्रीकांतने मागे जाऊन नंबर वाचला, तोही खणखणीत आवाजात.

"मास्तरांले फोन द्या," आवाज म्हणाला. मग अगदी हळू, "सर? तुम्ही बरे हाय ना? कुठं धडक तं नाही झाली?"

"नाही, नाही. धडक नाही. फक्त..."

तेवढ्यात तिगावचा घाट आला असावा. फोन तुटला.

सरांनी शेजारच्या दुकानातून खडूचा डबा आणला आणि खाली बसून वाटीने खडू कुटू लागले. लाज तर वाटतच होती, पण त्या लाजेमागून दुसरीच गोष्ट डोक्यात शिरू पाहत होती. न राहवून त्यांनी विचारलं, "हे केडी भाऊ पुण्यात काय करतेत?"

"गाड्यांच्या सीटा साफ करतेत. मोठ्या मोठ्या लोकांच्या गाड्या येतेत त्यांच्याकडे. मालक दुसराच हाय, पण काम सगळं भाऊच्याच हाताचं."

मॅनेजर म्हणून आपण किती जणांना सांगितलं, ते मोजायला सरांनी सुरुवात केली आणि वीसच्या पुढे सोडून दिली.

तासाभराने ऑटोतून कुलदीप उतरला. खडूने भरलेली सीट त्याने पाहिली, खडूने भरलेले सासरे पाहिले. श्रीकांत एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत राहिला.

"चूक माही हाय," सर उभे राहून म्हणाले. "गाडी मी नेली, तेल मीच लावलं. बाईले काही म्हणू नका. तुम्ही एवढंच सांगतलं होतं का कोणाले बसू देऊ नका. मले तेवढंबी जमलं नाही, जावईबापू."

कुलदीपचा चेहरा सरांपेक्षाही जास्त पडलेला होता. "सर, गाडी माही नाही. मालकाची हाय. चार दिवसांसाठी मागून आणली, तुम्हाले बरं वाटावं म्हणून. अन् मी मॅनेजर नाही."

"ते तुम्ही कधी म्हटलंच नाही," सर म्हणाले. "मीच म्हणत होतो."

कुलदीपने बॅग ठेवली, घड्याळ काढून खिशात टाकलं, हात साबणाने दोनदा धुतले आणि गाडीच्या दाराशी गुडघे टेकून बसला.

नंतरचे दोन तास सर स्टुलावर बसून पाहत होते. कुलदीपने आधी मऊ ब्रशने तेल प्यायलेला खडू झाडून घेतला आणि पुन्हा नवा थर टाकला. मग वाटीत साबणाचा फेस केला, फेस सीटवर न टाकता ब्रशला लावला आणि तळहाताएवढी जागा धरून लहान लहान गोल फिरवत गेला. जोर असा नाहीच. एक जागा झाली की लगेच पिळलेल्या कापडाने टिपायची, मगच दुसरी. शिवणीत अडकलेला शेंदूर त्याने काडीला कापूस गुंडाळून टिपला आणि तो शेंदरी कापूस वेगळा कागदावर ठेवला.

"हा फेकू नका," तो श्रीकांतला म्हणाला. "पिंपळाखाली ठेवू. देवाचा हाय."

चौतीस वर्षांत इतक्या निगुतीने काम करणारं पोरगं सरांनी वर्गात पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण एका पानावरच्या डागापलीकडे आपण त्याच्याकडे पाहिलंच नाही, हे त्यांना आता कळलं आणि फार वाईट वाटलं. त्याच वेळी आतून अभिमानही उसळत होता. शेवटी सावलीत सीट वाळली, कुलदीपने तिच्यावर क्रीमचा पातळसा हात फिरवला, आणि बिस्किटी रंग पहिल्यासारखा वर आला.

सौसरला निघण्याआधी दोघं चौकातल्या टपरीवर चहाला थांबले. गाडीभोवती दहा-बारा माणसं जमलीच. त्यात कापसाचे व्यापारी अरविंदशेट होते, सरांच्या ओळखीचे. "वा मास्तर! हीच काय जावयाची गाडी? मॅनेजर म्हणजे मंग काय!"

कुलदीपने मान खाली घातली आणि चहाच्या ग्लासात पाहत राहिला.

"गाडी मालकाची हाय," सर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "जावई माहा हाय. मॅनेजर-बिनेजर काही नाही, लोकांच्या गाड्यांच्या सीटा साफ करते. पाहा ती सीट. सकाळी मी तिचा सत्यानाश केला होता, अन् त्यानं दोन तासांत अशी करून देल्ली. हाय काय तुमच्या पांढुर्ण्यात असा एक तरी माणूस?"

अरविंदशेटनी कौतुकाने सीट चाचपायला दारातून हात आत घातला. सरांनी मधेच त्यांचं मनगट धरलं.

"आधी हात धुऊन या."