दोन बाजूंनी शिवलेली गोधडी

मी एक जुनी गोधडी आहे. पण मित्रांनो, तुम्ही मला पाहायला आलात तर मी तुम्हाला दिसणार नाही. मी आता एका नव्या गोधडीच्या पोटात आहे. माझ्यावर एक कापड आहे, माझ्याखाली एक कापड आहे आणि मधे मी. दिसत नाही याचे मला वाईट वाटत नाही. बाहेर राहिले असते तर एव्हाना माझ्या चिंध्या झाल्या असत्या. तशी वेळ आलीही होती. ती कशी आली आणि कशी टळली, ते सांगते.

माझा जन्म १९९० च्या हिवाळ्यात भोरला झाला. घर दोन खोल्यांचे. खुर्शिदा तिथे भरतकाम करायची. उशांचे अभ्रे, रुमाल, झंपरच्या बाह्या, जे येईल त्यावर ती फुले काढून द्यायची. तिचा टाका तिळाएवढा बारीक असे. तिचे मालक अल्लाउद्दीन यांचे कापूरहोळच्या फाट्यावर पंक्चर काढायचे दुकान होते. ते संध्याकाळच्या एसटीने घरी येत.

बाजाराच्या दिवशी हिर्डोशीहून भामाबाई नाचणी विकायला भोरला येत. नाचणी लवकर संपायची, पण परतीची एसटी दुपार कलल्यावर असे. मधला वेळ काढायला त्या एकदा खुर्शिदाच्या दारात टेकल्या आणि त्यांनी पाणी मागितले. पुढे दर बाजारी टेकू लागल्या. खुर्शिदा त्यांना आक्का म्हणू लागली. भामाबाई आपल्या वाडीत सगळ्यांच्या वाकळा शिवून देत. गोधडीला त्या वाकळच म्हणत. खुर्शिदाला दिवस गेले होते, ते भरत आले होते, आणि घरात बाळासाठी एकही मऊ पांघरूण नव्हते, हे त्यांनीच पहिल्यांदा पाहिले.

मग माझी जमवाजमव झाली. खुर्शिदाची लग्नातली ओढणी, भामाबाईंचे विरलेले लुगडे, अल्लाउद्दीनचे कामावरचे शर्ट. शर्टांवरचे ग्रीसचे डाग कितीही धुतले तरी गेले नाहीत. ते अजून माझ्यात आहेत.

मित्रांनो, गोधडी शिवायची एक रीत असते. एका कडेने सुरुवात करायची आणि धावदोरा घालत दुसऱ्या कडेला जायचे. टाके पुढे सरकतात तसे थरांमधले सैल कापडही पुढे सरकते आणि शेवटच्या कडेने बाहेर निघून जाते. मग गोधडी सपाट होते. भामाबाईंना हे ठाऊक होते. पण त्यांच्या हाताशी फक्त बाजाराचा दिवस असे आणि खुर्शिदाला एकटीला वाकून बसवत नव्हते. बाळ काही रीत सांभाळून थांबणार नव्हते. म्हणून दोघी समोरासमोर बसल्या. उशाकडून भामाबाई, पायथ्याकडून खुर्शिदा.

दोन्हीकडून सरकलेले सैल कापड मधोमध गोळा झाले. त्याला बाहेर जायला वाटच उरली नाही. तव्यावर भाकरी फुगावी तसा माझ्या पोटावर एक फुगा आला.

खुर्शिदा म्हणाली, "आक्का, तुमचा टाका लई ढिला."

"आन् तुजा घट्ट," भामाबाई म्हणाल्या. "वाकळ शिवतीस का रुमालावर फूल काढतीस?"

संध्याकाळी अल्लाउद्दीन आले. त्यांनी फुगा बोटाने दाबून पाहिला आणि गोधडीला आवाळू आलंय, डॉक्टरला दाखवा, असे सांगून हात धुवायला गेले. उसवायला वेळ नव्हता. खुर्शिदाने लाल दोरा घेतला आणि साखळी टाक्याने त्या फुग्याभोवती पाकळ्या काढून त्याचे फूल केले. चार कोपऱ्यांना भामाबाईंनी लुगड्याच्या काठाचे त्रिकोणी तुकडे लावले. त्यांना त्या घास म्हणत. गोधडी उपाशी राहू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार घास.

त्याच आठवड्यात हीना झाली. ती माझ्यावर पालथी पडायला शिकली, तेव्हा तिचा गाल बरोबर फुग्यावर यायचा. पुढे बोलू लागल्यावर ती मला गोधडी म्हणतच नसे. आवाळू द्या, म्हणायची. तापात, गोवरात, परीक्षेच्या थंडीत मी तिच्याजवळ होते. पाहुण्यांपुढे मला अंथरले की बायका फुलाची तारीफ करत आणि खाली काय आहे ते विचारत. खुर्शिदा म्हणे, आक्कांचा ढिला टाका. बाजाराला आलेल्या भामाबाई तेच उलट सांगत. अठरा वर्षे हा वाद मिटला नाही. मिटवायचा कुणाचा विचारही नव्हता.

मग घरात वाघाचे चित्र असलेले गुबगुबीत ब्लँकेट आले. मी गादीखाली गेले. तिथून इस्त्रीच्या टेबलावर. एका दुपारी इस्त्री माझ्यावरच राहिली आणि कडेला तपकिरी डाग पडला. त्यानंतर मला घडी करून पत्र्याच्या पेटीवर ठेवले. तक्रार करत नाही. ज्या घराने मला वापरून झिजवले, त्याच घराने मला फेकले नाही, एवढे मी जाणते.

२००८ साली हीनाला पुण्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. होस्टेलवर अंथरूण-पांघरूण स्वतःचे न्यायचे होते. खुर्शिदाने ठरवले की मुलीला नवी गोधडी द्यायची, आणि तिच्या पोटात मला घालायचे. मला आनंद झाला. पण गोधडी सपाट, नेटकी हवी होती. पुण्याच्या मुली आपल्या पोरीला हसायला नकोत, हा एकच घोर तिला लागला होता. म्हणून ती मला बाजारातल्या मशीनवाल्याकडे घेऊन गेली. त्याने फुगा चाचपला आणि सांगितले की यावर मशीनची सुई मोडेल. एवढा भाग कापून आणा, मग एका दिवसात शिवून देतो. खुर्शिदाने होकार दिला. हिर्डोशीच्या कंडक्टरबरोबर तिने भामाबाईंना निरोप धाडला, की हीनाची गोधडी करायची आहे, एखादे जुने लुगडे घेऊन या.

निरोपात मशीनचा उल्लेख नव्हता.

भामाबाई येणार होत्या त्या दिवशी घर शांत होते. हीना वडिलांबरोबर कापूरहोळला गेली होती. खुर्शिदा दारातल्या उजेडात बसून हीनाच्या उशीच्या अभ्र्यावर निळी फुले काढत होती. मधेच सुई थांबवून ती समोर पसरलेल्या नव्या कापडांकडे पाही. वरच्या बाजूला कोणते, खाली कोणते, काठ कुठे येईल, हे ती खडूने आखत होती. मी बाजूला उलगडून पडले होते. माझ्या फुलाशेजारी कात्री ठेवलेली होती.

सकाळच्या गाडीने भामाबाई आल्या. आता त्या वाकून चालत. त्यांनी पिशवीतून पांढरे, निळ्या काठाचे लुगडे काढले. दर वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला त्या ते नेसत. खुर्शिदा ओशाळली. जुने म्हणजे एवढे चांगले नको होते, असे ती म्हणत राहिली. भामाबाईंनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांनी पिशवीतून आणखी एक पुडी काढली. तिच्यात त्यांची सुई होती. त्या खाली बसल्या, पदर खोचला, आणि दोरा ओवायला लागल्या. दोरा जाईना.

"दुकानदारानं नेढं न पाडताच सुई दिली मला," त्या म्हणाल्या.

खुर्शिदा हसली नाही. तिच्या लक्षात आले की बाई शिवायला आल्या आहेत. तिने चहा केला, कप त्यांच्यापुढे ठेवला, आणि मग खाली बघत सगळे सांगितले. मशीनचे, होस्टेलचे, पोरी हसतील त्याचे. तुमचे हातही दुखतात, असेही म्हणाली.

भामाबाईंनी चहा संपवला. "व्हय," त्या म्हणाल्या. "मशीनचं सरळ येतं." सुई त्यांनी पुडीत परत घातली.

खुर्शिदाने अभ्रा हातात घेतला. एक फूल काढले, ते वाकडे आले, उसवले. परतीच्या गाडीला अवकाश होता आणि भामाबाईंना रिकामे बसायची सवय नव्हती. त्यांनी मला आपल्याकडे ओढले.

"कापू नकोस," त्या म्हणाल्या. "कापलं तर भोक पडंल. म्या उसवून देते. शिलाई निघाली की आपसूक सपाट व्हईल."

पुडीतली सुई पुन्हा बाहेर आली. तिचे टोक त्यांनी लाल साखळीच्या शेवटच्या कडीखाली घातले. कडी सुटली. दुसरी सुटली. मित्रांनो, तेव्हा मला भीती वाटली ती फुलाची नव्हती. हे फूल निघाले की दोघींची अठरा वर्षांची भांडणाची जागाच निघून जाणार होती. नव्या गोधडीत भामाबाईंचे लुगडे राहिले असते, हात राहिला नसता.

पाकळी अर्धी सुटली तेव्हा खुर्शिदाने मान वर केली. ती पाहत राहिली. त्या म्हाताऱ्या बोटांनी तिची पाकळी किती जपून सोडवली जात होती, ते तिने पाहिले. दोरा तुटू नये म्हणून भामाबाई प्रत्येक कडी सावकाश उचलत होत्या.

"आक्का, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"मंग सपाट कशी व्हणार?"

"नका करू सपाट."

"पुण्याच्या पोरी हसतील की."

"हसू द्या. आमी न्हाई का हसलो?"

तिने कात्री उचलून खिडकीत ठेवली. नवे कापड खाली अंथरले, त्यावर मला, माझ्यावर भामाबाईंचे पांढरे लुगडे. कडा टाचून घेतल्या. मग दोन सुयांमध्ये दोरा ओवला आणि एक भामाबाईंच्या हातात दिली.

"तुमी उशाकडनं बसा. मी हितनं धरते."

भामाबाईंनी सुई घेतली, पण टाका घातला नाही. "एका अंगानं शिवू या," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडनं धरलं की परत फुगा यील. आता काय बाळाची घाई न्हाई."

"यीऊ द्या," खुर्शिदा म्हणाली. "त्याच्यावर फूल काढते. तुमचा ढिला टाका झाकायला मी हाय."

"तुजा घट्ट हाय म्हणून येतो त्यो," असे म्हणत भामाबाईंनी पहिला टाका घातला.

त्या दिवशी परतीची गाडी त्यांनी जाऊ दिली. संध्याकाळी हीना आणि अल्लाउद्दीन आले, तेव्हा दोघी दोन कडांना वाकलेल्या होत्या. हीनाने चप्पल काढली, मधे येऊन गुडघ्यावर बसली आणि पांढऱ्या लुगड्यावरून तळहात फिरवत मला शोधले.

"मावशी, आवाळू ऱ्हायलं का?"

"ऱ्हायलं," भामाबाई म्हणाल्या. "वाढंल आता."

आणि वाढलेच. पुढच्या बाजारी दोघींचे धागे मधोमध भेटले, तेव्हा माझ्या फुग्यावर नवा फुगा बसला होता. खुर्शिदाने त्यावर निळे फूल काढले. माझी अर्धी सुटलेली लाल पाकळी तिने लुगडे पसरण्याआधीच पुरी करून घेतली होती, कुणाला दिसणार नसली तरी.

होस्टेलच्या मुली हसल्या. हे मी लपवत नाही. थंडी पडल्यावर त्यांतल्या दोघी हीनाच्या खाटेवर अभ्यासाला येऊन बसू लागल्या आणि फुग्यावर डोके कोण ठेवणार यावरून भांडू लागल्या, हेही लपवत नाही. मी आतून ऐकत असते. ज्या हातांनी मला वाकडे शिवले, त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातही कुठे पेटीवर, गादीखाली एखादी जुनी गोधडी असेल. तिला उन्हात घाला, फाटले असेल तिथे ठिगळ लावा. तिच्यात काही वाकडे, फुगलेले दिसले तर लगेच कात्री घेऊ नका. आधी ती कुणी शिवली ते विचारा. शिवणारी अजून असेल, तर तिला घरी बोलवा, सुईत दोरा ओवून द्या, आणि तिच्या समोरच्या कडेला तुम्ही बसा.