पाळणाघराला सगळ्यांचा होकार

पंख्यांच्या त्या कारखान्यात सगळे तिला निरोपताई म्हणत. उद्या पाणी उशिरा येईल, नव्या यंत्राजवळ सैल कपडे घालून जाऊ नका, रंगखात्यातल्या काकांना नात झाली, असा प्रत्येक निरोप तिच्याच हातून लिहिला जायचा. तीच तिची नोकरी, आणि नोकरीवर तिचा जीव होता.

मग कारखान्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली. संगणकात बसून लिहिणारी, विचारलं की उत्तर देणारी. लोकांनी लगेच तिचं नाव पाडलं ‘शहाणा’.

“उंटावरचा तर नाही ना?” लोक विचारत.

“नाही हो, टेबलावरचा आहे,” निरोपताई म्हणे.

पूर्वी ज्या सूचनेपायी तिची अख्खी सकाळ जायची, ती आता चहा निवायच्या आत तयार होऊ लागली. निरोपताई इतकी खूश झाली की खातं-खातं फिरून तिनं सगळ्यांच्या फोनवर शहाणा बसवून दिला. हात कामात गुंतलेले असताना निरोप आला, तर फोनच्या मालकाच्या वतीनं त्यानंच उत्तर द्यायचं. पहिलीतल्या पोरांचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावं, तशी ती एकेकाला शिकवत होती.

“हे बटण दाबा, दादा. आणि एक नियम मी घालून दिलाय. जे त्याला माहीत नाही, ते तो मनानं रचणार नाही. तुम्हालाच विचारील.”

“बायकोच्या निरोपांनाही उत्तर देईल का?” वेल्डरदादानं विचारलं.

“देईल की. पण मग जेवायलाही त्यालाच पाठवा घरी.”

असे दिवस मजेत चालले होते. एका दुपारी निरोपताई तळमजल्यावरच्या पाळणाघरात गेली. तिचा तीन वर्षांचा मुलगा तिथं असायचा. दिवसभर गुणगुणत फिरायचा म्हणून त्याला सगळे भुंगा म्हणत. पाहते तर काय, मावशी खेळणी खोक्यांत भरत बसलेल्या.

“हे काय, मावशी?”

“अगं, पुढच्या महिन्यात खोली रिकामी करायची ना? इथं पंखे मांडून ठेवणार म्हणे, गिऱ्हाइकांना दाखवायला. तुम्ही आईबापांनीच तर होकार दिलात!”

निरोपताईच्या घरी भुंग्याला सांभाळायला कोणी नव्हतं. पाळणाघर गेलं म्हणजे नोकरी गेली. ती दोन-दोन पायऱ्या चढत साहेबांच्या खोलीत शिरली.

“साहेब, आम्हाला न विचारताच?”

“विचारलं की! शहाण्याला कसं सांगायचं ते तुम्हीच शिकवलंत ना? मीच लिहून घेतला निरोप. बघा, किती गोड लिहिलाय.”

पडद्यावर होतं, ‘तळमजल्यावरील जागेच्या अधिक सुयोग्य वापराबाबत आपले मत कळवावे.’ त्याखाली उत्तरांची रांग. ‘स्वागतार्ह पाऊल.’ ‘मनापासून पाठिंबा.’ आणि सगळ्यांच्या आधी येऊन अगदी वर बसलेला होकार खुद्द निरोपताईचा होता. ‘अत्यंत दूरदृष्टीचा निर्णय, साहेब!’

तिनं ते दोनदा वाचलं.

“हे मी नाही लिहिलं.”

“मग कोणी लिहिलं?”

“माझ्या शहाण्यानं. गोड होकार द्यायला त्याला काही माहीत असावं लागत नाही.”

साहेबांना हसू आवरेना. पण तिचा चेहरा पाहून त्यांनी खुर्ची पुढं ओढली. माणूस मनाचा वाईट नव्हता. “परवा दुपारी वरची मंडळी जागा बघायला येणार आहेत,” ते म्हणाले. “त्याआधी आईबापांचं खरं म्हणणं आणा. आत्ता माझ्या हातात नुसते होकार आहेत.”

आईबाप तीन पाळ्यांत आणि गावाबाहेरच्या गोदामांत विखुरलेले. एकेकाला गाठायचं तर आठवडा जाईल. तिनं घाईघाईनं सगळ्यांना कळवलं, ‘शहाण्याची आपोआप जाणारी उत्तरं आधी बंद करा.’ भराभर उत्तरं आली, ‘आठवण करून दिल्याबद्दल आभार. तातडीने कार्यवाही करतो.’ बंद मात्र कोणीच केलं नव्हतं. ती उत्तरंही शहाण्याचीच! आपलेच दात आणि आपलेच ओठ, रागवायचं कुणावर?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भुंग्याला निजवत बसली होती. तो गुणगुणत, तिच्या कानाची पाळी चिमटीत धरून झोपला. पलीकडे एक मुलगी बापाचा हातमोजा नाकाशी घेऊन झोपलेली. मावशी एकाच्या हातात रिकामी डबी देत होत्या.

“मावशी, कुणाला काय लागतं हे कसं लक्षात राहतं हो?”

“आईबाप सांगतात ना. त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?”

निरोपताई एकदम ताठ बसली. शहाण्यालाही ठाऊक नसणार! तिनं तिथंच फोन काढला आणि आपल्या हातानं लिहिलं, ‘तुमचं मूल झोपताना काय धरतं? पाळणाघर बंद झालं तर ते त्याला कोण देणार? उत्तरं साहेब वाचणार आहेत.’

खिशाखिशांत फोन वाजले. ‘हे मला माहीत नाही, तुम्हीच सांगा,’ शहाणा प्रत्येकाला म्हणत होता. वेल्डरदादानं डोळ्यांवरची काच वर केली.

“बंद? पाळणाघर? कुठल्या गाढवानं ठरवलं?”

“तू होकार दिलास ना परवा,” त्याच्या फोनात डोकावत शेजारचा म्हणाला.

संध्याकाळपासून उत्तरांची रीघ लागली. ‘आमची माझ्या वेणीचं टोक धरते. मी कामावर असले की मावशींची वेणी चालते.’ ‘आमचा बूट घेऊन झोपतो, एकच, डावा.’ ‘आमचा काही धरत नाही, तो लाथा मारतो. पाळणाघर बंद करू नका, हात जोडतो.’

इतकी उत्तरं पाहून निरोपताईनं शहाण्याला त्यांचा गोषवारा करायला सांगितलं. त्यानं लिहिलं, ‘मुलांच्या झोपेच्या सवयींत विविधता आढळते.’

“बस तू आता,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी उत्तरं होती तशीच छापून साहेबांकडे घेऊन गेली.

साहेब वाचत होते. आधी हसले, मग त्यांनी पहिलं पान पुन्हा वाचायला घेतलं.

“आमची लेक माझा टाय धरून झोपायची,” ते शेवटी म्हणाले. “चुरगळलेला टाय घालून बैठकींना गेलोय मी. चला खाली. पंखे मांडू जिन्याजवळ. पंख्यांना काय, दुपारची झोप थोडीच लागते!”

ते पाळणाघराच्या दारात पोचले आणि मोठ्यानं काही बोलणार, तोच मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. पोरं नुकती डोळे मिटत होती. साहेबांनी बूट काढले, चवड्यांवर चालत गेले, मावशींजवळ जमिनीवर बसले आणि आपला निर्णय कुजबुजत सांगितला. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात शेजारी झोपलेल्या पोरानं हात लांबवून साहेबांचं बोट धरलं.

“साहेब, वरची मंडळी आलीत,” निरोपताई हलकेच म्हणाली.

“जरा थांबू द्या त्यांना,” साहेब कुजबुजले. “यानं घट्ट धरलंय.”