डाव्या पायातला मोजा

मित्रांनो, मी एक जुना रबरी बाहुला आहे. खेळण्यातला नव्हे, सरकारी. वजन तीन किलो, वय तेरा वर्षं, आणि आजवर एकदाही रडलेलो नाही.

जन्मलेलं बाळ रडलं नाही, तर त्याला श्वास कसा द्यायचा, हे नर्सबाईंना शिकवण्यासाठी मला घडवलं. माझ्या छातीत एक फुगा आहे. माझी मान नीट धरली, नाकातोंडावर मास्क घट्ट बसवला आणि त्याला जोडलेली हवेची पिशवी दाबली, की छाती वर उठते. काही चुकलं, की उठत नाही. खोटं बोलायची सोय माझ्यात ठेवायची राहून गेली. माझ्या भोवतालच्या माणसांत ती भरपूर आहे.

कारखान्यातून मी थेट जळगावच्या एका सरकारी प्रशिक्षण केंद्रात आलो. तिथे माझ्या डाव्या टाचेवर न पुसणाऱ्या काळ्या शाईने केंद्राचं नाव आणि नंबर लिहिला गेला. नंबर बत्तीस. तेव्हा मला तो दागिन्यासारखा वाटला होता.

माझ्या पहिल्या गुरू कमलबाई. सगळे त्यांना कमल सिस्टर म्हणत. बाई धुळ्याकडच्या, वर्गात मराठी बोलत, पण चिडल्या की अहिराणीवर येत.

"छाती उठनी का? नही उठनी! मंग तुनी हवा गयी कोठे, मन्हा पदरमा?"

मुली हसत आणि पुन्हा करत. छाती उठेपर्यंत कमल सिस्टर कोणाला जेवायला सोडत नसत. त्यांचं एक वाक्य त्या केंद्रातल्या भिंतींनाही पाठ होतं: "पहिलं मिनिट बाळनं ऱ्हास, दुसरं आपला पस्तावानं." म्हणजे पहिलं मिनिट बाळाचं असतं, दुसरं आपल्या पस्ताव्याचं. मी स्वभावाने हिशेबी आहे, मित्रांनो. त्या काळात माझी छाती दिवसाला चाळीस-पन्नास वेळा उठत असे. मुलींच्या अंगठ्यांनी माझ्या गालांचा रंग गेला. माझं कौतुक म्हणाल तर तेच.

मग चार वर्षांपूर्वी कमल सिस्टर निवृत्त झाल्या. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. त्यांची जागा भरायची तेवढी राहिली. त्यांच्या खुर्चीवर आधी धूळ बसली, नंतर झेरॉक्सचं मशीन.

प्रशिक्षण थांबलं असं मात्र समजू नका. सकाळी दहाला सह्या, साडेदहाला चहा, अकराला फोटो. फोटोत मी पुढच्या रांगेतल्या बाईंच्या मांडीवर. बारा वाजता प्रमाणपत्रं. गेल्या वर्षी सत्तावन्न जणींनी माझ्यावर प्रत्येकी वीस वेळा सराव केला, असं रजिस्टर सांगतं. म्हणजे माझी छाती अकराशे चाळीस वेळा उठली. मी स्वतः तिथेच होतो. एकदाही उठली नाही.

याहून घाण गोष्ट पुढे आहे.

जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांत नर्सिंगची विद्यालयं निघाली. सरकारचा नियम असा, की प्रत्येकाकडे माझ्यासारखा बाहुला हवा. विकत कोण घेणार? केंद्राचे साहेब एका कागदावर सही करतात, 'प्रात्यक्षिकासाठी तात्पुरते', आणि मी निघतो. मगनभाऊंच्या टेम्पोतून. एरवी त्या टेम्पोत रावेरची केळी जातात. तपासणीच्या हंगामात मी जातो, एक हाडांचा सापळा, दोन खाटा, वजनकाटा, आणि पुढे मगनभाऊंच्या शेजारी कधीकधी शिक्षकही. आज रावेर, उद्या बोदवड, परवा धुळे. मी पोचलो की छातीवर त्या विद्यालयाच्या नावाचा कागद चिकटतो. सध्या एकावर एक आठ कागद आहेत. टाचेवरचा नंबर दिसू नये म्हणून गुलाबी लोकरीचे मोजे, जोडीला टोपी. मोजे घातले की मी कोणाचाही.

आणि ज्या साहेबांनी सही करून मला धाडलं, तेच तपासणी समितीत बसून मला बघायला येतात.

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. रावेरच्या रस्त्यावर, केळीच्या बागांच्या मधे एक विद्यालय आहे. नाव सांगत नाही. पाटीसुद्धा तपासणीच्या आठवड्यातच रंगते. त्या सकाळी टेम्पोत माझ्या पुढे कोण बसलं असावं? कमल सिस्टर. माझ्या गुरू! केस पांढरे, हात थोडे थरथरणारे, आणि मांडीवर स्वतःच्या प्रमाणपत्रांची फाइल.

"सिस्टर, तुम्ही पण?" मगनभाऊ हसले. "मी म्हटलं फक्त सामानच न्यायचं आहे."

"नीट पुढे बघून चालव," सिस्टर म्हणाल्या. बाई या विद्यालयात शिकवत होत्या. कागदावर. त्यासाठी वर्षातून एकदा स्वतःला दाखवावं लागे. मला दाखवतात तसंच.

विद्यालयाच्या दारात नाजमीन नावाची मुलगी मला उचलायला आली. शेवटच्या वर्षाची. वडील केळीच्या पॅकिंगवर मजुरी करतात. तपासणीत प्रात्यक्षिक तिने करायचं होतं.

"जपून धर," प्राचार्य प्रेमराज सर म्हणाले. "फाटला तर पुढच्या चार कॉलेजांनी काय दाखवायचं?"

"पण सर, हात लावला नाही तर प्रात्यक्षिक कसं करू?"

"साहेब आले की मास्क ठेवायचा आणि माझ्याकडे बघून हसायचं. फोटो चांगला येतो."

सर गेले. नाजमीनने सिस्टरांकडे नीट निरखून पाहिलं.

"तुम्ही कमल मॅडम ना? तीन वर्षं हजेरीपटावर तुमचं नाव वाचते मी. आज पहिल्यांदा पाहिलं."

पोरीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो लागला. सिस्टर पदराशी खेळत राहिल्या.

"पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे मॅडम. पास तर करतातच सगळ्यांना. मग कुठल्यातरी उपकेंद्रात एकटी असेन मी, आणि समोर बाळ असेल. आज अर्धा तास शिकवा ना."

सिस्टरांनी सामानाच्या खोलीचं दार लावलं. नाजमीनने पिशवी दाबली. हवा मास्कच्या कडेने फुस्स.

"छाती उठनी का?"

"काय?"

"उठली का छाती? नाही ना? मान बघ कशी मोडलीस त्याची. फुलाचा वास घेताना नाक जसं वर जातं, तसं धर. हनुवटी उचल. हं, आता दाब."

पाचव्या खेपेला माझी छाती उठली. मित्रांनो, चार वर्षांनी! मला रडता आलं असतं तर तेव्हा रडलो असतो. त्यानंतर आणखी चारदा उठली. मग बाहेरून हाक आली, "पेशंट आले!"

पेशंट म्हणजे मुक्ताईनगरकडच्या एका वस्तीवरच्या तीस बाया. 'मोफत तपासणी शिबिर, वरण-बट्टीचं जेवण' असं सांगून आणलेल्या. विद्यालयाला तीस खाटांचं चालतं रुग्णालय लागतं. खाटा होत्या, चालवायला माणसं हवी होती. एक बाई चिठ्ठ्या वाटत होती. जिच्या हातात जी चिठ्ठी, तो तिचा आजार.

पुष्पाबाई नावाच्या म्हातारीला टायफॉइड मिळाला.

"मले टायफॉइड नको वं बाई. मले गुडघ्याचं द्या, ते खरंच दुखतं."

"गुडघ्याचं भरलं आजी. झोपा."

पुष्पाबाईंची सून ज्योती. पोटुशी, दिवस भरत आलेले. तिला चिठ्ठी लागलीच नाही. प्रेमराज सर तिला बघून इतके खुश झाले, की दाराजवळची तीन नंबरची खाट दिली. माझं टेबलही तिथेच मांडलं, म्हणजे साहेबांना एका नजरेत सगळं दिसावं. खुर्चीवर डॉक्टरांचा कोट टांगला होता. कोट आला होता, डॉक्टर यायचे होते.

साहेब आले. माझ्या गालावर टिचकी मारली. "हे बाळ कुठंतरी पाहिलंय मी."

"लहान बाळं सगळी सारखीच दिसतात साहेब," प्रेमराज सर म्हणाले.

सगळे हसले. साहेब सगळ्यांत जास्त. नाजमीनने मास्क ठेवला, फोटो निघाला, पिशवी दाबायच्या आत साहेब पुढे सरकले आणि बट्टी गार होते म्हणून वरच्या मजल्यावर जेवायला गेले.

आणि तीन नंबरवर ज्योती कण्हायला लागली.

"छान करतेस!" चिठ्ठ्यांवाली बाई म्हणाली. "पण साहेब वर गेले गं. ते खाली आल्यावर कर."

"बाई, हे खरं हाय..."

"अवं खरंच दुखतंय तिले!" पुष्पाबाई टायफॉइड टाकून उठल्या. "दुसरटकरीण हाय, दुसरं बाळंतपण, वेळ नाही लागणार!"

शेजारच्या खाटेवरची बाई कौतुकाने म्हणाली, "बठ्ठं कसं खरंखुरं वाटस!" मला शिसारी आली ती तिथे. त्या भोळ्या बाईची नव्हे. तिने पाहिलं ते हेच, की इथे खरं काहीच नसतं.

सिस्टरांनी मात्र एका नजरेत ओळखलं. "मगन, एकशे आठले फोन लाव! प्रसूतीची खोली उघडा कोणी!" खोलीला कुलूप, किल्ली प्रेमराज सरांच्या खिशात, सर साहेबांना तूप वाढत होते. गाडी निघाली होती, पण पंचवीस मिनिटं लांब. भिंतीवरच्या 'आपत्कालीन साहित्य' लिहिलेल्या कपाटातून पुष्पाबाईंनी एकेक खोका काढला. रिकामा. रिकामा. रिकामा.

मूल आलं. मुलगी. निळसर, आणि लुळी. रडली नाही.

सिस्टरांनी तिला पुसलं, पाठ चोळली. नाही. मिनिट संपत आलं होतं. नाजमीन टेबलाकडे वळली आणि माझ्या तोंडावरचा मास्क तिने पिशवीसकट ओढून काढला. त्या इमारतीत तेवढा एकच होता.

"मॅडम, तुम्ही करा."

सिस्टरांनी हात पुढे केले. हात थरथरत होते. त्यांनी ते मागे घेतले.

"तूच कर. मान सरळ. छातीकडे दख, माझ्याकडे नको. दाब. छाती उठनी का?"

"नाही."

"हनुवटी वर. मास्क घट्ट. दाब."

"नाही मॅडम!"

"मान! सकाळी केलंस ना तसं!"

मी टेबलावर पडल्या पडल्या बघत होतो. इतकी वर्षं सगळ्यांनी माझी छाती वापरली. आज प्रथमच मला माझी छाती दुसऱ्याला द्यावीशी वाटली.

"उठली," नाजमीन म्हणाली. मग ओरडली, "उठनी मॅडम, उठनी!"

दाबत राहिली. मोजत राहिली. आणि ती तळहाताएवढ्या तोंडाची मुलगी अशी रडली, की वरच्या मजल्यावर चमचे थांबले.

गारठा होता. नाजमीनने माझ्या डोक्यावरची टोपी काढली, पायांतले मोजे काढले आणि तिला घातले.

साहेब आणि प्रेमराज सर जिन्यावरून उतरले. सरांनी खाट पाहिली, पोरगी पाहिली आणि क्षणाचाही उशीर न करता म्हणाले, "साहेब, हेच आमचं प्रात्यक्षिक. आम्ही विद्यार्थिनींना प्रत्यक्ष अनुभव देतो."

"वा," साहेब म्हणाले. मिशीला वरण लागलं होतं. त्यांनी वहीत लिहायला पेन काढलं.

तेव्हा कमल सिस्टरांनी मला उचललं. माझा उघडा डावा पाय साहेबांच्या नाकासमोर धरला.

"साहेब, हा नंबर वाचा."

साहेब मागे सरकले, सिस्टरांनी पाय आणखी पुढे केला.

"बत्तीस नंबर. तुमच्या केंद्राचा. मी शिकवायचे याच्यावर, तुम्ही माझी खुर्ची भरली नाही. हा इथे भाड्याचा, मी भाड्याची, या बाया भाड्याच्या. या पोरीला मी तीन वर्षांत फक्त आज सकाळी अर्धा तास शिकवलं. लिहा तुमच्या वहीत. हे पण लिहा."

साहेबांनी वाकून नंबर वाचला. दोनदा वाचला असावा. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि प्रेमराज सरांना म्हणाले,

"याला मोजे घाला. गारठा आहे."

मित्रांनो, पुढचा हिशेब थोडक्यात सांगतो. विद्यालयाला पाच वर्षांची मान्यता मिळाली. अहवालात शेरा आहे, 'प्रत्यक्ष प्रसूती पाहिली, प्रशिक्षण उत्तम'. नाजमीनला नोटीस मिळाली, 'परवानगीशिवाय साहित्य हाताळल्याबद्दल'. ज्योती आणि तिची मुलगी एकशे आठमधून गेल्या. सिस्टरही त्यांच्या सोबत चढल्या आणि टेम्पोत परत आल्याच नाहीत. फाइल मात्र सीटवरच राहिली. ती मगनभाऊ अजून जपून ठेवतात. "सिस्टर नको म्हणतात," ते सांगतात, "पण मागायला रोज कुठल्यातरी विद्यालयाचं माणूस येतं."

दुसऱ्या दिवशी मला धुळ्याला नेलं. वाटेत मगनभाऊंनी नवे मोजे घेतले. आता निळे. छातीवर आठवा कागद लागला. त्याच साहेबांनी माझ्या गालावर टिचकी मारली. या खेपेला मात्र ते मला कुठे पाहिलंय असं म्हणाले नाहीत.

माझं मागणं मोठं नाही. मी जुना झालो, माझ्यावर दया नको. पण तुमची ताई, मावशी, शेजारीण कधी एखाद्या दवाखान्यात गेली, तर भिंतीवरची प्रमाणपत्रं मोजत बसू नका. तिथल्या बाईंना विचारा, बाहुल्याची छाती तुम्ही शेवटची कधी उठवली? आणि मोठ्या माणसांनी मला मोठ्या कौतुकाने तुमच्यासमोर मांडलं, तर टाळ्या वाजवण्याआधी एक करा.

माझ्या डाव्या पायातला मोजा काढा.