उजव्या हाताचा ब्रेक

टिल्लू दिवसभर सायकल चालवायची आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायची नाही. सायकल होती कॉम्प्युटरवर. ब्राउझरमध्ये उघडणारा कुठलातरी फुकटचा खेळ. हेल्मेट घातलेला एक काडीसारखा माणूस, समोर फळ्या, पिंपं, टायरांच्या राशी, मोडके पूल, आणि याने त्या सगळ्यावरून सायकल पलीकडे न्यायची. चुकला की तोंडघशी. लगेच पुन्हा सुरुवातीला उभा, जसं काही झालंच नाही. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. कोणी तोंडावर आपटलं की मला आधी त्याचे पुढचे दात दिसतात, त्यामुळे तो खेळ मला पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको होता.

टिल्लू माझी भाची, दादाची मुलगी. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून हे नाव पडलं. आता घरात सगळ्यात उंच तीच, पण नाव काही वाढलं नाही. दादाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या हातचं. आमच्या घरातली पोरं बोलायला लागायच्या आधी पॅडल मारायला लागतात असं लोक म्हणायचे, आणि ते फार खोटं नव्हतं. फक्त दादाने टिल्लूला दुकानात कधी बसवलं नाही. पोरीचे हात ग्रीसने काळे नकोत, हा त्याचा हट्ट. पंक्चर काढण्यापलीकडे त्याने तिला पान्ह्याला हात लावू दिला नाही.

काही महिन्यांपूर्वी तिला पाण्याचे मीटर वाचायचं काम मिळालं. गल्लोगल्ली फिरायचं, आकडे टिपायचे. दादाने कौतुकाने तिच्यासाठी नवीकोरी सायकल आणली, खोक्यातून काढलेली, हँडलवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा तसाच. टिल्लू म्हणाली, आई, पहिली फेरी तुझी. वहिनी नको नको म्हणत मागे बसल्या. पाण्याच्या टाकीच्या उतारावर, वळणाशी, रस्त्याच्या कामाची खडी सांडलेली होती. टिल्लूने ब्रेक दाबला, पुढचं चाक जागच्या जागी अडलं, सायकल आडवी झाली आणि वहिनी तिच्याखाली सापडल्या.

वहिनींच्या मांडीच्या हाडात स्टीलची पट्टी घालावी लागली. आता काठी घेऊन चालतात, आणि जमिनीवर बसणं कायमचं सुटलं. टिल्लूचं नुसतं कोपर खरचटलं होतं. आपल्याला काहीच कसं झालं नाही, हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

“मी घाबरले आणि भलताच ब्रेक दाबला,” ती नंतर ज्याला त्याला सांगायची. कोणी तिला खोटं पाडलं नाही. वहिनी म्हणायच्या, “जाऊ दे गं.” पण जाऊ दे म्हणजे काही ‘तू नाही पाडलंस’ असं होत नाही. दादा काहीच बोलायचा नाही. त्याच्या तोंडात नेहमी एखादा नट धरलेला असतो, तेव्हा त्याचं न बोलणं कोणाच्या लक्षात यावं? माझ्याही आलं नाही. टिल्लूने कामाला नकार कळवला आणि आईचं सगळं अंगावर घेतलं. अंघोळ, औषध, रोज संध्याकाळी पाय चेपणं. उरलेल्या वेळात तो काडीचा माणूस.

मग त्या ऑफिसातून पुन्हा फोन आला. एक जागा रिकामी झाली होती, येणार असलीस तर सोमवारी ये. टिल्लू नाही म्हणणार, असं वहिनींनी मला फोनवर सांगितलं, आणि माझं डोकं सणकलं. मी दोन गल्ल्या सोडून राहते. चपला पायात सरकवल्या आणि तशीच गेले.

“काम दारात चालत आलंय आणि तू इथे बटणं बडवत बस,” मी दारातूनच सुरू झाले. “आईचा पाय काय तुझ्या घरी बसण्याने सरळ होणार आहे?”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने शेजारची खुर्ची ओढली.

“बस आत्या. तुला एक दाखवायचंय.”

खेळाच्या सगळ्या पायऱ्या तिच्यासाठी केव्हाच उघडल्या होत्या. दोऱ्यांचे पूल, आगीची कडी, काय काय होतं पुढे. पण तिने उघडली ती सुरुवातीचीच एक साधी पायरी. लांब उतार, खाली वळण, वळणावर खडी.

“हे डावीकडचं बटण म्हणजे डाव्या हाताचा ब्रेक. हे उजवीकडचं, उजव्या हाताचा. अंगठ्याने पॅडल. बघ आता.”

तो माणूस उतारावरून सुसाट निघाला. वळण आलं तशी तिने उजवं बटण दाबलं, हलकेच, सोडत सोडत. मागचं चाक जरासं फरफटलं, आणि सायकल खडीवरून अलगद पार झाली. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिचं बोट एकदाही चुकलं नाही.

“मी इथे पडतच नाही,” ती म्हणाली. “किती वेगाने जाऊ दे, विचार न करता बोट बरोबर जातं. मागचाच ब्रेक लागतो. मग त्या दिवशी काय झालं होतं मला? एवढं येत असून मी आईला पाडलं, आत्या. रस्त्यावर माझ्या हातांचा भरवसा नाही. उद्या एखाद्याच्या अंगावर घालीन.”

मला वाटलं होतं, पोरगी वेळ घालवतेय. ती स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करत होती, आणि तो तिला रोज मिळत होता.

मी म्हटलं, सरक, मला बघू दे. मी आयुष्यात असला खेळ खेळले नव्हते. पण उतार आला, उजवा हात आपोआप दाबला गेला, आणि मी पहिल्याच फटक्यात पलीकडे. टिल्लू बऱ्याच दिवसांनी हसली. “रक्तातच आहे आपल्या,” ती म्हणाली. मीही फुशारून घरी गेले. जे सांगायला आले होते ते तसंच राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका कवळीचं प्लास्टर वाळेपर्यंत मोकळी होते. डबा खाऊन झाला होता. ऑर्डरी बघायच्या कॉम्प्युटरवर मी तो खेळ शोधून काढला. म्हटलं, बघू आणखी कुठवर जमतंय.

पहिल्याच उतारावर गडी तोंडघशी. हात बसला नसेल म्हणून पुन्हा केलं, पुन्हा तोंडघशी. वळण आलं की मी ब्रेक दाबायचे आणि मागचं चाक हवेत जायचं. मालक पाठीमागून चहाचा कप घेऊन जात होते. “ताई, त्याच्या कवळीची ऑर्डर आपणच घ्या,” म्हणाले. मला हसू आलं नाही, रागच आला. काल ज्या हाताने सहज जमलं तोच हात आज आपटत होता. शेवटी मी तिथली सूचना वाचली. डावं बटण, मागचा ब्रेक. उजवं बटण, पुढचा ब्रेक. खाली एक ओळ होती, खऱ्या सायकलप्रमाणे.

मी टिल्लूला फोन लावला. “तुझ्याकडच्या खेळात बटणं बदललीयेस का गं?”

“हो, पहिल्याच दिवशी. त्या लोकांनी उलटी दिलीयेत. का?”

“काही नाही,” म्हटलं आणि फोन ठेवला.

ते उलटे नव्हते. आम्ही उलटे होतो. वडिलांचं म्हणणं होतं, ज्या हातात जोर तो हात मागच्या चाकाला हवा. म्हणून घरातल्या सायकलींच्या तारा ते स्वतः पुन्हा लावायचे; ती अदलाबदल होती, हे मला आत्ता उमगलं. गिऱ्हाइकाची सायकल जशी आली तशी जायची, घरची मात्र आमच्या पद्धतीची. दादानेही तेच चालू ठेवलं. मी, टिल्लू, आम्ही दुसऱ्याची सायकल कधी चालवलीच नाही, दुकान घरचं असताना कशाला चालवू? बाकीचं जग उजव्या हाताने पुढचं चाक थांबवतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर एका काडीच्या माणसाने सांगितलं. आणि टिल्लूची ती सायकल खोक्यातून आलेली होती.

मी अर्धी रजा टाकून थेट दुकानात गेले. दादा एका चाकाची थरथर काढत बसला होता.

“दादा, टिल्लूच्या नव्या सायकलच्या तारा तू बदलल्या होत्यास?”

त्याने चाक फिरवणं थांबवलं नाही. तोंडातला नट काढून बशीत ठेवला. मग हळूच म्हणाला, “त्या संध्याकाळी बदलणार होतो. तिने सकाळीच बाहेर काढली.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“दवाखान्यात कळलं. ती आधी डॉक्टरांना सांगत होती ना, मी उजवा दाबला, उजवाच दाबला म्हणून. तेव्हा.”

“आणि सायकल?”

“भंगारात दिली.”

माझ्या तोंडाला काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रस्त्यावरचे दोघं थांबून बघायला लागले. तो मान खाली घालून ऐकत राहिला, लहानपणी वडिलांसमोर राहायचा तसा. मी दमले तेव्हा म्हणाला, “सांगणार होतो. आधी ऑपरेशन होऊ दे म्हटलं. मग पाय टेकू दे म्हटलं. मग इतके दिवस झाले, की काय सांगायचं याच्यापेक्षा इतके दिवस का नाही सांगितलं, हेच मोठं होऊन बसलं.”

“ती पोरगी तिकडे आपले हात कापून टाकल्यासारखी बसलीये, दादा.”

“मी बाप आहे तिचा,” तो म्हणाला. “तिला वाटतं, बाबांनी हात लावलेली वस्तू कधी दगा देत नाही. तेवढंच तर आहे माझ्याजवळ.”

मला त्याचं दुःख कळत होतं. पण सोमवार जवळ आला होता. “आज तू सांगणार आहेस,” मी म्हटलं. “मी बरोबर येतेय ते तुला मदत करायला नाही, तू मधूनच परत फिरू नयेस म्हणून.”

त्याने शटर ओढलं. वाटभर तो पुढे, मी मागे.

टिल्लू जेवणाच्या टेबलाशी कॉम्प्युटर उघडून बसली होती. वहिनी आतल्या खोलीत पडल्या होत्या, दार अर्धं उघडं. दादा टिल्लूच्या समोर उभा राहिला. बसला नाही. पाठ केलेलं म्हणावं तसं तो एका दमात बोलून गेला. घरच्या तारा उलट्या असतात. नव्या सायकलच्या बदलायच्या राहिल्या. तुला सांगायचंही राहिलं. तू बरोबर हातच दाबलास, चाक चुकीचं लागलं. चूक माझी होती.

टिल्लूने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. उलटा केला, सुलटा केला. मला वाटलं आता ही रडेल, हसेल, बापाच्या गळ्यात पडेल. कवळीसारखं सगळं नीट बसेल अशी माझी समजूत होती.

“तुम्हाला कधी कळलं?” तिने विचारलं.

“दवाखान्यात.”

“म्हणजे पहिल्याच दिवशी.”

“हो.”

“मी रोज संध्याकाळी आईचे पाय चेपताना तिची माफी मागत होते, बाबा. तुम्ही इथेच याच खुर्चीत बसून जेवत होतात.”

आतून काठीचा आवाज आला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या नवऱ्याकडे गेल्या नाहीत. टिल्लूजवळ आल्या आणि एका हाताने तिचं डोकं पोटाशी धरलं. “मीपण म्हणायला हवं होतं गं,” वहिनी म्हणाल्या, “तुझी चूक असो नसो, मी तुझ्यावर रागावले नाहीये. मी नुसतं जाऊ दे जाऊ दे करत बसले.” तेव्हा टिल्लू रडली, एवढी उंच पोर, खुर्चीत अवघडून, आईच्या पदराला नाक पुसत. मीसुद्धा रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

रडून झाल्यावर ती उठली, तोंड धुऊन आली.

“मी सोमवारी कामावर जातेय,” ती म्हणाली.

दादाचा चेहरा एकदम उजळला. “मग उद्याच आपण चांगली सायकल बघू. मी स्वतः सगळं तपासून, तारा बिरा...”

“नको,” टिल्लू म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकायला जास्त जड गेलं. “ब्रेक मी लावणार. सगळ्यांच्या असतात तसे. कसे लावायचे ते तुम्ही दुकानात बसून मला शिकवा. पण माझ्या सायकलला तुम्ही हात लावायचा नाही.”

दादाने हो म्हणून मान हलवली आणि मान वर केलीच नाही. ती आईला धरून आत घेऊन गेली. तो तिथेच टेबलाशी उभा होता, ग्रीसने काळे झालेले दोन्ही हात कुठे ठेवावेत ते न कळून. मला त्याची फार दया आली, पण मी खुर्चीतून उठले नाही.